सॅन स्विचवरचा सुरक्षेचा इशारा कसा वाचावा

नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या मध्यम कारखान्यांत आयटी विभाग म्हणजे बहुधा दोन माणसं. सर्व्हरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणाऱ्या सॅनमधला (स्टोरेज एरिया नेटवर्क) फायबर चॅनल स्विच मात्र बसवल्यापासून कोणी उघडूनही पाहत नाही. मग एका सकाळी त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदींत, ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ दिसतं आणि धावपळ होते.

सगळ्यात आधी स्विचचं घड्याळ पाहा. टाइमझोन लावलेला नसेल आणि स्विच यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असेल, तर नोंदी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे दिसतात. लॉगमधलं रात्री दीडचं लॉगिन मग प्रत्यक्षात सकाळी सातचं, पहिल्या शिफ्टच्या वेळचं निघतं. अर्धे ‘हॅकर’ इथेच संपतात.

आता ओळ वाचा. ब्रोकेड कंपनीच्या स्विचवर ‘एररडंप’ कमांड दिली की प्रत्येक ओळीत वेळ, चौकटी कंसात कोड, अनुक्रमांक, तीव्रता, स्विचचं नाव आणि शेवटी मजकूर येतो. कोड ‘एसईसी’ने सुरू झाला तर विषय सुरक्षेचा. तीव्रतेचे शब्द चार: क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, इन्फो. गोम इथेच आहे. एसईसी-११९३ म्हणजे फसलेलं लॉगिन, पण त्याची तीव्रता नुसती ‘इन्फो’! फक्त वॉर्निंग आणि त्यावरच्या नोंदी गाळून पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. सिस्कोच्या एमडीएस स्विचवर ‘शो लॉगिंग लॉगफाइल’ द्या. तिथे तीव्रता ० ते ७ आकड्यांत असते, आकडा जितका लहान तितका मामला गंभीर.

म्हणून तीव्रतेपेक्षा आयपी पत्ता आणि नोंदींमधलं अंतर पाहा. एकाच अंतर्गत पत्त्यावरून बरोबर पाच-पाच मिनिटांनी लॉगिन फसतंय? बहुतेक वेळा पासवर्ड बदलला गेलेला असतो आणि मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये जुनाच राहिलेला असतो. अंतर अनियमित, पत्ता अनोळखी, तर तो पत्ता कोणत्या यंत्राचा आहे ते शोधा. त्याच पत्त्यावरून पुढे एसईसी-१२०३, म्हणजे यशस्वी लॉगिन, आहे का ते नक्की तपासा. अनेक अपयशांनंतर एक यश दिसलं आणि ते आपल्यापैकी कोणाचं नसेल, तर हा खरा धोका.

अनधिकृत डिव्हाइसचा इशारा आला तर त्यातला डब्ल्यूडब्ल्यूएन, म्हणजे सोळा अंकी-अक्षरी ओळख, नोंदवहीशी ताडून पाहा. सर्व्हरचं एचबीए कार्ड (सर्व्हरला सॅनशी जोडणारं कार्ड) बदललं की ही ओळखही बदलते आणि जुन्या यादीवर चालणारा स्विच नव्या कार्डाला दारातच अडवतो. (नोंदवही नसेल तर आजच करा.) स्विचचं पान ब्राउझरमध्ये उघडताना दिसणारा सर्टिफिकेटचा इशारा बहुधा स्वसाक्षांकित (स्विचने स्वतःच स्वतःला दिलेल्या) किंवा मुदत संपलेल्या सर्टिफिकेटमुळे येतो, नवं बसवलं की काम झालं.

शंका खरी वाटली तर लॉग पुसू नका. ब्रोकेडवर ‘सपोर्टसेव्ह’ने सगळी माहिती बाहेर काढा, मगच पासवर्ड बदला. स्विचमधली जागा मर्यादित असते, जुन्या नोंदींवर नव्या चढतात. त्यामुळे नोंदी बाहेर साठवणारा सिसलॉग सर्व्हर हवाच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. हे ६ तास व्हेंडरचा इंजिनिअर येईपर्यंत थांबत नाहीत.