म्हातारं मांजर रात्री ओरडतं तेव्हा

घरातलं मांजर साधारण 12 ते 18 वर्षं जगतं, काही विशीही गाठतात. दहा-अकरानंतर ते घराच्या धाब्यावर उडी टाळू लागलं की आपण म्हणतो, वय झालं. बहुतेकदा सांधे दुखत असतात. वाळूच्या पेटीबाहेर घाण केली तर रागावू नका, पेटीचा एका बाजूचा काठ कापून ठेंगणा करा.

खरी पंचाईत पाण्याची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा मांजरानं जास्त पाणी प्यायलं तर उन्हाळा म्हणून सोडून देतो. पण लघवीही वाढली आणि वजन उतरलं, तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासायला हवा. भरपूर खाऊनही हडकलं, तर थायरॉईड. रात्रीच्या ओरडण्यामागेही थायरॉईड, रक्तदाब, बहिरेपणा किंवा म्हातारपणातला विसराळूपणा असू शकतो. म्हणून महिन्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग आपलं वजन वजा करा. वर्षातून दोनदा डॉक्टरांकडून रक्त, लघवी आणि रक्तदाब बघून घ्या.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नका, एका गोळीनंही मांजर दगावू शकतं. शेवभाजीचा रस्साही नको, त्यातला कांदा-लसूण त्याला विषारी.