फाइल बदलली, तरी व्हॅल्यू जुनीच : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे थर सांभाळताना या चुका टाळा

इंदूरच्या विजयनगरात आमचे छोटे कार्यालय आहे आणि तेथे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एका वेळी तीन-चार प्रकल्प चालू असतात. प्रत्येकाची सेटिंग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांत असतात; त्या बहुधा डॉट एन्व्ह नावाच्या मजकूर फाइलमध्ये लिहितात, पण टर्मिनलसारख्या इतर थरांतूनही येऊ शकतात. गेल्या पावसाळ्यात एक नवा सहकारी सियागंजातील घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या प्रकल्पावर दुपारभर अडून बसला होता. ‘दादा, डॉट एन्व्ह फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता बदलला, सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला, तरी प्रोग्राम जुन्याच डेटाबेसकडे जातोय,’ असे त्याने सांगितले. फाइल योग्य होती आणि व्हेरिएबलचे नावही बरोबर होते. त्याच टर्मिनलमध्ये प्रिंटएन्व्ह (चालू व्हेरिएबल दाखवणारी आज्ञा) चालवल्यावर मात्र उलगडा झाला : आधीच्या आठवड्यात दुसऱ्या प्रकल्पासाठी त्याने त्याच नावाचे व्हेरिएबल टर्मिनल उघडताच आपोआप चालणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये एक्स्पोर्ट केले होते आणि ती ओळ तशीच राहून गेली होती.

यात डॉट एन्व्ह फाइल वाचणाऱ्या लायब्ररीचा दोष नाही. नोडची डॉटएन्व्ह असो वा पायथनची, प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, आधीच मिळालेली व्हॅल्यू ती आपणहून बदलत नाही. जे व्हेरिएबल आलेलेच नाही, तेवढेच ती फाइलमधून भरते. दोन्हींत ओव्हरराइडचा, म्हणजे आधीची व्हॅल्यू बदलण्याचा, पर्याय आहे आणि तो लावला की अडचण तत्काळ सुटल्यासारखी वाटते, पण तोच कोड सर्व्हरवर गेल्यावर तेथे कोणीतरी विसरलेली जुनी फाइल सर्व्हरने दिलेल्या खऱ्या व्हॅल्यूवर मात करते. म्हणून हा पर्याय लावू नये. बॅशआरसीमधील ओळ काढावी, मग चालू टर्मिनलमध्ये अनसेट या आज्ञेने ते व्हेरिएबल काढावे किंवा नवे टर्मिनल उघडावे. व्हॅल्यू बदलण्यापूर्वी ती कोणत्या थरातून आली, हे पाहण्याची सवय लागली, तर अशा अडचणी दहा मिनिटांत सुटतात.

वेबसाइट बांधण्याच्या एका साधनाचा फाइलींचा क्रम दुसऱ्यालाही लागू पडतो असे गृहीत धरणे, ही चूक अनुभवी मंडळीही करतात. नेक्स्ट जेएसमध्ये डॉट एन्व्ह डॉट लोकल ही फाइल डॉट एन्व्ह डॉट डेव्हलपमेंटपेक्षा वरचढ ठरते, तर व्हीटमध्ये नेमके उलट होते : तेथे मोडच्या (उदा. डेव्हलपमेंट) नावाची फाइल साध्या लोकल फाइलवर मात करते. शिवाय नेक्स्टमध्ये टेस्ट चालवताना डॉट एन्व्ह डॉट लोकल वाचलीच जात नाही, त्यामुळे एरवी नीट चालणारा प्रोग्राम टेस्टमध्ये ‘की सापडली नाही’ म्हणून थांबतो. दोन्हींत प्रोसेसला बाहेरून मिळालेली व्हॅल्यू मात्र सर्वांत वर राहते.

याच दोन साधनांमध्ये व्हीट किंवा नेक्स्ट पब्लिक हा उपसर्ग लावलेली व्हेरिएबल बिल्डच्या वेळी, म्हणजे कोड प्रकाशनासाठी तयार होताना, ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये थेट लिहिली जातात. परिणामी सर्व्हरवर व्हॅल्यू बदलून प्रोग्राम पुन्हा चालू केला, तरी पानावर जुनीच दिसते. त्यासाठी बिल्डच पुन्हा करावी लागते. असा उपसर्ग पासवर्डला किंवा गुप्त कीला कधीही लावू नये, कारण ती कोणालाही ब्राउझरमध्ये वाचता येते.

प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या बंदिस्त जागेत चालवणाऱ्या डॉकर कंपोझमध्ये गोंधळ आणखी वाढतो. कंपोझ फाइलच्या शेजारची डॉट एन्व्ह ही त्या फाइलमधील रिकाम्या जागा भरण्यासाठी असते. तिच्यातील व्हेरिएबल आपोआप कंटेनरमध्ये जात नाहीत. ती आत पाठवायची असतील, तर एन्व्ह-फाइल किंवा एन्व्हायर्नमेंट या विभागांत तसे लिहावे लागते आणि दोन्हींत एकच नाव आले, तर एन्व्हायर्नमेंट विभागातील व्हॅल्यू टिकते. डॉकर कंपोझ कॉन्फिग ही आज्ञा सर्व जागा भरल्यानंतरचे अंतिम रूप दाखवते, म्हणून शंका आल्यास आधी ती चालवावी. व्हॅल्यू बदलल्यावर रीस्टार्ट पुरेसे नाही, कारण कंटेनर जुन्याच व्हॅल्यू घेऊन उठतो. अप ही आज्ञा द्यावी, म्हणजे तो नव्याने तयार होतो.

कधी कधी थर बरोबर असतो आणि व्हॅल्यूच बिघडलेली असते. विंडोजवर जतन केलेल्या एका फाइलमुळे आमचे टोकन (ओळख पटवणारी गुप्त की) लिनक्स सर्व्हरवर सतत नाकारले जात होते. मूळ टोकन आणि फाइलमधील टोकन शेजारी ठेवून पाहिली, तरी अक्षरन् अक्षर सारखे दिसत होते. कॅट या आज्ञेला मोठ्या लिपीतील ए हा पर्याय लावून फाइल पाहिली, तेव्हा प्रत्येक ओळीच्या टोकाला एक अदृश्य कॅरेज रिटर्न (विंडोजच्या ओळअखेरच्या खुणेतील अक्षर) सापडला आणि शेलने तो टोकनचाच भाग मानला होता. डॉकर रनच्या एन्व्ह-फाइल पर्यायात अवतरणचिन्हेही अशीच व्हॅल्यूचा भाग बनतात. तसेच प्रत्येक व्हॅल्यू ही शेवटी मजकूरच असते, त्यामुळे जावास्क्रिप्टच्या अटीत ‘फॉल्स’ हा शब्द खरा ठरतो. त्याची तुलना उघडपणे करावी.

गुप्त व्हॅल्यू असलेली फाइल चुकून गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) गेली असेल, तर नंतर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे वगळायच्या फाइलींच्या यादीत, तिचे नाव घालून उपयोग नाही, कारण गिट आधीपासून नोंदलेल्या फाइलचा माग ठेवतच राहते. फाइल नोंदीतून काढली, तरी जुन्या कमिटमध्ये (आधी जतन केलेल्या नोंदींत) ती शिल्लक असते, म्हणून ती की त्याच दिवशी रद्द करून नवी घ्यावी. आमच्याकडे आता रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडसंग्रहात) फक्त नावे असलेली नमुना फाइल असते, प्रकल्पाचे एकही व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये ठेवले जात नाही आणि आवश्यक व्हेरिएबल मिळाले नाही, तर प्रोग्राम सुरू होतानाच त्याचे नाव सांगून थांबतो.