सोसायटीच्या ग्रुपवर मोबाइल टॉवरचा वाद कसा घालावा

वाद घालावाच, असं माझं ठाम मत आहे. "ग्रुपवर असले विषय नकोत" म्हणून ॲडमिनने दटावलं की माणसं गप्प बसतात, पण भीती जात नाही. ती जिन्यात आणि भाजीच्या गाडीपाशी बोलली जाते, आणि तिथे तिला उत्तर द्यायला कोणी नसतं.

मी सांगलीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर उभा राहणार असं कळलं आणि अकरा दिवस आमचा ग्रुप धुमसत होता. त्या अकरा दिवसांत माझं काय चुकलं आणि काय जमलं, त्यावरून हे लिहिते आहे. तुमच्याकडे हा वाद आज ना उद्या येणारच.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी एक फॉरवर्ड टाकला. टॉवरच्या किरणोत्सर्गाने कॅन्सर होतो, चिमण्या मेल्या, ५जीने करोना पसरला, परदेशात बंदी आहे, झोप उडते. एका दमात पाच दावे. मी रात्री अकराला चाळीस ओळींचं उत्तर लिहिलं. त्यात पाचही दावे एकेक करून खोडले, एककांसकट. सकाळी पाहिलं तर चौथ्या मजल्यावरच्या काकू ग्रुप सोडून गेल्या होत्या. दूध घ्यायला खाली उतरले तेव्हा त्या जिन्यात भेटल्या. दोन वर्षांपूर्वी काका मेंदूच्या गाठीने गेले, हे मला माहीत होतं. लिहिताना ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "ताई, ते दिवसभर फोनवर असायचे. मी सारखी सांगायचे, ठेवा आता. म्हणजे माझं सांगणं वेडेपणाचं होतं का?"

त्यामुळे पहिलं काम असं: फॉरवर्ड कोणी पाठवला आणि त्या माणसाला नेमकी कशाची भीती वाटते, ते आधी शोधा. ग्रुपवर विचारू नका, फोन करा. अण्णांना मी फोन केला तेव्हा कळलं की त्यांना ना चिमण्यांचं पडलं होतं, ना करोनाचं. सुनेला सातवा महिना होता आणि तिची खोली टॉवरच्या बाजूला होती. मग त्या एकाच प्रश्नाला धरून बोलायचं. पाच दाव्यांना पाच उत्तरं दिली की समोरचा सहावा काढतो, आणि मूळ काळजी आहे तिथेच राहते.

मग शब्द निवडा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टॉवरबद्दल बोलताना सगळे सर्रास 'किरणोत्सर्ग' म्हणतात. तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे चेर्नोबिलचा अणुभट्टीचा अपघात उभा राहतो. पाठ्यपुस्तकातला शब्द 'प्रारण' आहे. प्रारण म्हणजे ऊर्जा बाहेर पडून पसरणं. चुलीची धग प्रारणच, ट्यूबलाइटचा उजेडही प्रारणच. क्ष-किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावू शकतात, त्यामुळे पेशीतल्या डीएनएची मोडतोड होऊ शकते. मोबाइलच्या लहरींत ती ताकद नाही. ९०० मेगाहर्ट्झची लहर सेकंदाला ९० कोटी वेळा कंप पावते. ऐकायला आकडा भयंकर वाटतो, पण डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची कंपनं त्याच्या साधारण पाच लाख पट किंवा त्याहून जास्त असतात, आणि लहरीच्या एकेका कणाची ऊर्जा कंपनांच्या प्रमाणात वाढते. उजेडाने इलेक्ट्रॉन उडून पेशी बिघडत नाहीत, तर त्याच्या पाच लाखाव्या हिश्शाने कशा बिघडतील? या लहरींचा पक्का ठाऊक असलेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा आखल्या आहेत त्या याच उबेच्या हिशेबाने. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, पाच-सहा ओळींत: "आपण प्रारण म्हणू या, आणि कुठलं ते प्रत्येक वेळी सांगू या." दोन दिवसांत अण्णाही 'प्रारण' लिहायला लागले. वाद मिटला नाही, पण आवाज खाली आला.

आकडा देताना एककाशिवाय देऊ नका आणि कोणाकडून तसा घेऊही नका. "इतकं रेडिएशन" म्हणजे काहीच नाही. आपल्या दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय मर्यादा होती चौरस मीटरला ४.५ वॉट, आपली ठरली ०.४५ वॉट. हे सांगितलं की लोक विचारतात, "दहापट कमी केली म्हणजे काहीतरी धोका असणारच ना?" प्रश्न रास्त आहे. त्याला हसू नका. सावधगिरी म्हणून कमी केली, असं सरळ सांगा.

टॉवर आणि फोन यांतला फरक मात्र सावकाश, वेळ घेऊन समजवा, कारण इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. मी गच्चीवर दोघा-तिघांना घेऊन गेले आणि हातवारे करून दाखवलं. ॲन्टेनाचा झोत आडवा जातो, किंचित खाली कललेला. थेट खालच्या घरात फार थोडं पोचतं. दिव्याखाली अंधार, अगदी शब्दशः. म्हणजे ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या वरच्या मजल्यापेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या गॅलरीत जास्त पोचू शकतं. तेही लपवू नका. आमची बाजू समोरचीच होती. पण अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते, तिप्पट झालं की नववा हिस्सा. फोन मात्र कानाला चिकटलेला असतो. शिवाय टॉवर लांब असला की फोनला जोर लावावा लागतो. शिवारात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण आवाज चढवतो, तसंच. टॉवर हाकलून दिला तर गल्लीतला प्रत्येक फोन कानाशी जास्त जोराने ओरडेल. अण्णा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सुनेला सांगू, रेंज नसताना लिफ्टमध्ये बोलत बसू नको." सांगावं. इयरफोन लावला, स्पीकर लावला, तरी डोक्यापासून अंतर वाढतं. फोनमधून शरीरात जास्तीत जास्त किती ऊर्जा शोषली जाते, त्या आकड्याला 'सार' (SAR) म्हणतात. आपल्या फोनचा तो आकडा स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबलं की दिसतो. भारतात तो शरीराच्या किलोला १.६ वॉटच्या आत असावा लागतो.

आता कॅन्सरचा मुद्दा. कोणीतरी म्हणणारच, "जागतिक आरोग्य संघटनेनेच कॅन्सरकारक ठरवलंय." हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलं आधी मान्य करायचं. संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था फ्रान्समध्ये ल्यॉनला आहे. तिने मे २०११ मध्ये या लहरींना '२ब' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक'. त्यासाठी जो मर्यादित पुरावा धरला तो फोन कानाला लावून खूप बोलणाऱ्यांचा होता. टॉवरबाबतचा पुरावा त्याच वेळी अपुरा ठरवला गेला. आणि हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्यांत, तंबाखू आहे, दारू आहे, आणि सुपारीही आहे. सांगलीत हे सांगायला हवं, कारण टॉवरविरोधी अर्जावर सह्या घेताना आमच्याकडे सुपारीचं तबक फिरत होतं. ते तबक मी त्या दिवशी उचलून आत ठेवलं. कोणी रागावलं नाही.

२ब गटात मुरवलेल्या भाज्याही आहेत. त्यावरून "मग लोणचं खाणं सोडा" असा टोला हाणायचा मोह होतो. हाणू नका. त्या पूर्व आशियातल्या मुरवलेल्या भाज्या आहेत, आपलं कैरीचं लोणचं नव्हे. चुकीचा टोला बसला तरी तो चुकीचाच, आणि उद्या तुमचं खरंही कोणी ऐकणार नाही. २०११ नंतर पुष्कळ अभ्यास झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला. त्यात ६३ अभ्यास तपासले होते, आणि फोनचा वापर व मेंदूचा कॅन्सर यांत संबंध आढळला नाही. हे मी काकूंना ग्रुपवर सांगितलं नाही. त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि सांगितलं. फोन बाजूला ठेवा म्हणणं वेडेपणाचं नव्हतं, तेव्हा तज्ज्ञही तसंच म्हणत होते, हेही सांगितलं. आणि काकांची गाठ तुम्ही अडवू शकला नसता, हेही.

५जी-करोना प्रकरणावर दोन ओळींपेक्षा जास्त खर्च करू नका. आपल्याकडे दुसरी लाट एप्रिल-मे २०२१ची, ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ला. तारखा लिहा आणि पुढे चला. "परदेशात बंदी" म्हटलं की विचारा: कोणता देश, कोणता कायदा, कोणतं साल? उत्तर आलं तर वाचा. आमच्याकडे आलं नाही.

चिमण्यांचं मात्र झटकून टाकू नका. तो विषय जिव्हाळ्याचा असतो. चिमणी शहरांतून कमी झाली, हे म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. २०२०च्या देशव्यापी पक्षी-अहवालात चिमण्यांची संख्या एकूण देशात पंचवीस वर्षांत साधारण स्थिर दिसली, पण मोठ्या महानगरांत हळूहळू घट दिसली. टॉवरच्या लहरींमुळे ती घटली याचा पुरावा अहवाल करणाऱ्यांना सापडला नाही. पिल्लांना लागणारे किडे आणि घरट्याला लागणाऱ्या फटी कमी झाल्या, हे कारण जास्त पटण्यासारखं आहे. आमच्या इमारतीच्या भिंतीत एक बोट शिरेल एवढी फट नाही. पर्यावरण मंत्रालयाच्या समितीने २०११ मध्ये पक्षी आणि मधमाश्यांसाठी टॉवरबाबत सावधगिरी सुचवली होती, हे तुम्हीच आधी सांगा. विरोधकाने ते शोधून आणलं तर तुम्ही लपवलं असं दिसतं.

एक गोष्ट मला सातव्या दिवशी उमगली. निम्मा वाद प्रारणाचा नव्हताच. समोरच्यांना भाडं मिळणार होतं, आपल्याला आवाज आणि ताप. गच्चीवर एवढं वजन चढवताना इमारतीची तपासणी झाली आहे का, महापालिकेची परवानगी आहे का, डिझेल जनरेटर कोणाच्या खिडकीखाली बसणार, हे प्रश्न खरे होते आणि कोणी विचारत नव्हतं. कॅन्सरच्या नावाखाली ते दबून गेले होते. मी ते कागदावर वेगळे मांडले आणि समोरच्या सोसायटीला पत्र दिलं. जनरेटरची जागा बदलली.

शेवटी मोजून घ्या. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या पोर्टलवर आपल्या भागातला टॉवर नियमांत बसतो का ते पाहता येतं, आणि ४००० रुपये भरले की विभागाकडून मोजणी करून घेता येते. चोवीस घरांनी वर्गणी काढली. टॉवर सुरू झाल्यावर माणसं आली, यंत्र घेऊन. अण्णांच्या सुनेच्या खोलीत मोजलं, गॅलरीत मोजलं, गच्चीवर मोजलं. सगळीकडे मर्यादेच्या पुष्कळ खाली. मग काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, नातू झोपतो त्या पलंगाजवळही धरा. त्यांनी धरलं. आत भिंतींमुळे आकडा गॅलरीपेक्षाही उतरला होता. काकूंनी तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत तारीख घालून लिहून घेतला आणि मला म्हणाल्या, "दिवाळीनंतर परत एकदा मोजायला लावू या."

पैसे मी गोळा करायला घेतले आहेत. काकू पुन्हा ग्रुपवर आल्या आहेत.