हेल्मेटखाली घालायचे इअरबड: घेण्याआधी आणि निघण्याआधी

इअरबड घ्यायला निघताना हेल्मेट सोबत घ्यायचं. बाकी सगळं नंतर. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात जाणार असाल किंवा मित्राचे बड घालून बघणार असाल, हेल्मेट हातात हवं, खाली गाडीला लटकवून ठेवलेलं चालणार नाही. काउंटरसमोर उभं राहून मान हलवली, बड पडला नाही, आवाज गोड वाटला आणि पैसे दिले, तर ते घरात बसून ऐकायचे बड झाले. हेल्मेट चढवलं की गालाचं कुशन तोच बड कानात दाबतं, कानाची वाटी अर्ध्या तासात ठणकायला लागते आणि पुणे रस्त्याला मोहोळच्या आसपास गाडी बाजूला घ्यावी लागते. तोवर खोकं उघडलेलं असतं, वस्तू कानात गेलेली असते. अशी वस्तू परत घ्यायला दुकानदार सहसा तयार नसतो, आणि ऑनलाइन घेतली तरी बहुतेक ठिकाणी बिघाड असेल तरच बदलून मिळते.

हेल्मेट म्हणजे स्वतःचं, रोजचं. दुकानदाराने पुढे केलेलं किंवा भावाचं उपयोगाचं नाही. एकाच कंपनीच्या, एकाच साइझच्या दोन हेल्मेटांत कुशन वेगवेगळं दबलेलं असतं. जुन्यात कानाजवळ आपोआप जागा झालेली असते, नव्यात बोटही सरकत नाही. नवं हेल्मेटही घ्यायचं असेल तर आधी हेल्मेट (आयएसआय मार्क आणि आयएस 4151 हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघून), मग बड. उलट क्रमाने गेलात तर बडासाठी ढिलं हेल्मेट घेण्याचा मोह होतो, आणि ढिलं हेल्मेट पडल्यावर डोक्यावर राहत नाही. एप्रिल-मेमध्ये हेल्मेटखाली रुमाल किंवा स्कार्फ गुंडाळत असाल, सोलापूरच्या उन्हात बहुतेक जण गुंडाळतातच, तर तोही न्या. कापडाचे दोन पदर दोन-तीन मिलिमीटर खातात आणि इथे सगळा प्रश्न तेवढ्याच मिलिमीटरांचा असतो. चष्मा लावत असाल तर चष्मा.

दुकानात बघायचं ते असं. कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला, कूर्चेचा एक लहान उंचवटा असतो. बडाची बाहेरची बाजू त्या उंचवट्याच्या रेषेत किंवा तिच्या आत बसली पाहिजे. समोरून फोटो काढून घ्या, आरशापेक्षा फोटोत नीट कळतं. मग रुमाल, मग हेल्मेट, पट्टा लावायचा, काच खाली करायची आणि दहा मिनिटं तसंच राहायचं. दहा म्हणजे दहा. दोन मिनिटांत काहीच दुखत नाही, दुखायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण दहा मिनिटांत दाब जाणवायला लागतो आणि तेवढ्यावर निर्णय घेता येतो. तोंड उघडून मिटा, मोठ्याने बोला, मागून येणारी गाडी बघता तशी मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि ढिला बसलेला बड तेव्हाच सुटतो. दुकानदार चुळबुळ करेल, करू द्या. काढल्यावर कानाच्या वाटीत लाल वण दिसला तर तो बड तुमच्या हेल्मेटचा नाही, किंमत काहीही असो.

डेमो पीस नसेल तर घरी एक ढोबळ माप घेऊन जा. कणकेची बोराएवढी गोळी प्लास्टिकच्या तुकड्यात घट्ट गुंडाळायची आणि कानाच्या वाटीत ठेवायची. भोकात अजिबात ढकलायची नाही. वरून रुमाल बांधायचा, हेल्मेटचे दोन्ही पट्टे बाहेर ताणून ते सावकाश चढवायचं, तसंच काढायचं. गोळी कितपत चपटी झाली आणि कानाच्या किती बाहेर राहिली ते पट्टीने मोजा. पाच मिलिमीटर उरत असेल तर आठ मिलिमीटर बाहेर येणारा बड बघायचाच नाही. अर्थात हे माप दुकानात हेल्मेट नेण्याच्या ऐवजी नाही. ते न्यायचंच.

आता आकार. दांडीवाले बड, म्हणजे ज्यांची काडी गालावर खाली येते, ते फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणाऱ्या, हेल्मेटखाली बहुतेक वेळा वाया जातात: कुशन दांडीला धक्का देतं, बड नळीत फिरतो आणि सील, म्हणजे कानाची नळी बंद करणारी घट्ट बसवण, सुटतं. गोटीसारखे गोल आणि जाड बड बाहेर येतात, तेच सगळ्यात जास्त दुखतात. बसतात ते छोटे, चपटे, वाटीत मावणारे. कानाच्या घडीत अडकणारा रबरी पंख असेल तर तो धावताना उपयोगी, हेल्मेटखाली मात्र घडीत टोचतो; काढून ठेवता येतो का ते विचारा. नेकबँडचा गैरसमज असा की तो पडत नाही म्हणून चांगला. पडत नाही हे खरं, पण मान वर केली की हेल्मेटची मागची कड पट्टीवर टेकते, पट्टी सरकते आणि वायर बड ओढते. नेकबँडच घ्यायचा असेल तर मऊ पट्टीचा, आणि तो जॅकेटच्या कॉलरच्या आत. वायरवाल्यांत कानावरून मागे वळवून घालायचे चपटे इअरफोन अजूनही फार चांगले बसतात, चार्जिंगची भानगड नाही; वायर मात्र शर्टाच्या आतून घ्या, बाहेर राहिली तर वाऱ्यावर फडफडते आणि तो खडखडाट थेट कानात येतो. हाडातून आवाज देणारे, डोक्यामागून पट्टी जाणारे हेडफोन हेल्मेटसाठी नकोत. पट्टीला जागा नाही आणि कान उघडे राहिल्यामुळे वाऱ्यापुढे आवाज टिकत नाही.

जागा होत नाही म्हणून हेल्मेटच्या आतला थर्माकोल चमच्याने, चाकूने कोरणारे आहेत. हे करू नका. डोकं आपटल्यावर दाबला जाऊन धक्का पिणारा भाग तोच आहे. कुशनही कापू नका. हेल्मेट तसंच राहील, बदलायचा तो बड.

दुसरी गोष्ट टचची. बडाच्या बाहेरच्या बाजूला टच असतो आणि त्याला बोट आणि कुशन यांतला फरक कळत नाही, कुशन टेकलं की गाणं थांबतं, पुढचं लागतं, नाहीतर शेवटच्या नंबरला फोन लागतो. ॲपमधून टच पूर्ण बंद करता येतो का, हे घेण्याआधी बघायचं. नुसता कमी करता येत असेल तर पुरेसं नाही. दाबायचं बटण असलेले बड त्याहून त्रासदायक, प्रत्येक दाबाला बड नळीत आणखी आत जातो. बड कानात आहे की नाही ओळखणारा सेन्सरही बंद करता आला पाहिजे, नाहीतर रुमाल सरकला की गाणं थांबतं. आणि टच खरंच बंद झाला का हे कसं कळणार? हेल्मेट घालूनच. म्हणून पुन्हा सांगतो, हेल्मेट न्या.

आवाजाचा भाग नीट वाचा, कारण तो कानाच्या आयुष्याचा आहे. ताशी 80 च्या पुढे फुल फेस हेल्मेटच्या आतही वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतली एनआयओएसएच ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते, आणि त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 100 ला पंधरा मिनिटं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांचे कान कसे जातात ते सोलापुरात वेगळं सांगायला नको. ते दुखत नाही, कळतही नाही, आणि गेलेलं परत येत नाही. वारा कमी न करता त्याच्यावर गाणं चढवत गेलात तर दोन्ही मिळून कानावर पडतात.

म्हणून आधी वारा अडवायचा, मग गाणं. काचेचं रबर सुटलंय का, काच पूर्ण बसते का, हनुवटीखाली फट किती, हे आधी बघा. शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो बहुधा काचेच्या कडेचा असतो. मग टिप, म्हणजे बडाच्या तोंडावरची मऊ टोपी. खोक्यात तीन साइझ येतात आणि माणसं मधली लावून मोकळी होतात. तिन्ही लावून बघा, दोन्ही कानांना वेगळी साइझ लागू शकते. सील बसलं की स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमतो आणि गाण्याचा बेस एकदम भरतो. बेस पातळ वाटला तर ॲपमध्ये बेस वाढवू नका, टिप बदला. फोमच्या टिपा जास्त वारा अडवतात. दाबून बारीक करायच्या, घालायच्या, अर्धा-एक मिनिट फुगू द्यायच्या. घामाने त्या काही महिन्यांत कडक होतात, मग नवीन. सिलिकॉनच्या धुता येतात, त्यामुळे रोजच्या वापराला त्याच बऱ्या.

सील घट्ट असताना हेल्मेट खाली ओढलं की कधीकधी कानात कागद चुरगळल्यासारखा बारीक कडकडाट होतो. नळीत कोंडलेली हवा बडाच्या आतला पडदा वाकवते, त्याचा तो आवाज. एकदा झाला तर हरकत नाही. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक गतिरोधकावर होत असेल तर टिप एक साइझ लहान घ्या किंवा दुसरा बड बघा.

नॉइज कॅन्सलेशनवर, म्हणजे बाहेरचा आवाज माइकने टिपून तो खोडणाऱ्या सोयीवर, जास्त पैसे घालायचे का? फुल फेस आणि काच बंद असेल तर खालच्या सुराचा घुमका बराच कमी होतो, लांबच्या रस्त्याला थकवा कमी येतो. हाफ फेस असेल तर नाही: बाहेरच्या माइकवर थेट वारा आदळतो आणि तोच फडफडाट कानात येतो. ते बंद करता आलं पाहिजे एवढं बघा. कोडेक, हाय-रेझ आणि तत्सम शब्दांना इथे अर्थ नाही, वाऱ्यात तो फरक ऐकू येत नाही.

आवाज किती? गाडी बंद, हेल्मेट घातलेलं, गाणं चालू, आणि शेजारी उभा माणूस साध्या आवाजात बोलला तर शब्द कळले पाहिजेत. फोनवरचा आवाजाचा तो आकडा लक्षात ठेवायचा आणि हायवेवर त्याच्या वर जायचं नाही. फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावण्याची सोय असेल तर लावून टाका.

आणि गावात काहीच लावायचं नाही. सात रस्ता, पार्क चौक, जुना पुणे नाका, इथे हॉर्न आणि मागून येणारी रिक्षा ऐकू येणं हाच बचाव आहे. उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, पंढरपूर आणि पुणे रस्त्याला अंधार पडल्यावरही नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना चालतात, आणि चालकाने मोठ्याने लावलेलं गाणं कधीकधी आधी ऐकू येतं, ट्रॉली नंतर दिसते. एकाच कानात घालायचं असेल तर उजवा मोकळा ठेवा, ओव्हरटेक तिकडून होतो. पण मोकळ्या कानात वारा भरतो आणि दुसऱ्याचा आवाज वाढवावासा वाटतो, तो वाढवायचा नाही. फोन आला तर थांबून घ्या. हातात मोबाईल धरून चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक चालवण्यात मोडतं.

पाणी आणि धूळ: खोक्यावर आयपीने सुरू होणारा संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असतो. नुसता आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे सोसतो, धुळीबद्दल काही हमी नाही. आपल्याकडे धूळ आणि घाम दोन्ही, तेव्हा आयपी55 मिळाला तर घ्या. बड चार्ज करायच्या डबीला तेवढंही संरक्षण नसतं. डबी मे महिन्यात डिकीत, टाकीवरच्या बॅगेत ठेवू नका. लिथियम सेल साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी सहज त्याच्या पुढे जाते. खिशात ठेवा. घामट बड तसाच डबीत टाकला की पिनांवर हिरवट थर चढतो आणि एक बाजू चार्ज होईनाशी होते; बड पुसूनच डबीत ठेवायचा.

घालण्याचा क्रम: बड, किंचित फिरवून सील, रुमाल, मग हेल्मेटचे पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ताणून सरळ खाली. ताणलं नाही तर कुशन कान दुमडतं आणि बड बाहेर ओढतं. काढतानाही तसंच, आणि पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या नको: सुटलेला बड कुशनमध्ये अडकतो, हेल्मेट उलटं केलं की जमिनीवर, आणि मागे रांग लागलेली असते. टिप कानातच राहिली तर पिन, काडी, चिमटा काही घालायचं नाही, कानाच्या डॉक्टरकडे.

गाणी उतरवून ठेवा, वाटेत रेंज जाते. चालत्या गाडीवर गाणं बदलायचं नाही. लांबच्या रस्त्याची प्लेलिस्ट आधीच करून ठेवा. चार्ज: तुळजापूर सुमारे 45 किलोमीटर, कसलाही बड पुरतो. पुणे सुमारे 250, तिथे नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून पाच तास न टिकणारा बड अर्ध्यात मान टाकेल; टेंभुर्णीला चहाला थांबाल तेव्हा डबीत. जास्तीच्या टिपांची जोडी पाकिटात. तासाभराने बड काढून कानाला दहा मिनिटं हवा. कान खाजत असेल, ओलसर वाटत असेल, तर बरं होईपर्यंत बड नाही. दुसऱ्याला द्यायचे नाहीत. परत आलं की टिपा काढून साबणाच्या पाण्यात, बडाची जाळी कोरड्या मऊ ब्रशने, पूर्ण वाळल्यावरच डबीत.