मोहल्ला कमिटी चालवताय? या चुका टाळा

मोहल्ला कमिटी, नागरिक मंच, रहिवासी संघ, मुंबईत एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे महापालिकेच्या योजनेतला गल्लीतल्या रहिवाशांचा गट). नावं वेगवेगळी असली तरी बंद पडण्याची तऱ्हा बहुतेक सगळ्यांची सारखीच. पहिले तीन महिने दणक्यात बैठका होतात, मग ग्रुपवर फुलांच्या चित्रांसह सुप्रभात सुरू होतं, आणि शेवटी तो ग्रुप पाणी आलं का गेलं एवढं विचारण्यापुरता उरतो. लोक म्हणतात, महापालिका ऐकत नाही. ते खोटं नाही. पण कमिटीचा कागद मुळात ऐकण्याच्या लायकीचा असतो का, हेही बघायला हवं.

सतरा विषयांचं एक निवेदन

मुंबईची एएलएम योजना १९९७ सालची. तिची सुरुवात घाटकोपरच्या जोशी लेनमधून झाली असं मानतात. त्या रहिवाशांनी गल्ली धरली आणि विषय धरला कचऱ्याचा. आज कमिटी स्थापन झाली की पहिल्याच पत्रात खड्डे, दिवे, कुत्री, फेरीवाले, डास, पार्किंग, बागेतला बंद कारंजा असं सगळं येतं. वर वीस जणांच्या सह्या, आणि साहेबांना पत्र देतानाचा फोटो.

त्या पत्राचं पुढे काय होतं? साहेब कोपऱ्यात ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारतात आणि पत्र एका विभागाकडे जातं, बहुधा ज्याचा विषय पहिल्या क्रमांकावर आहे त्याच्याकडे. तो विभाग आपल्यापुरतं उत्तर देतो आणि बाकीचे सोळा विषय त्याच फायलीत पडून राहतात. म्हणून एका पत्रात एकच विषय आणि एकच जागा घ्या. ‘आमच्या भागातले दिवे बंद असतात’ याला काही अर्थ नाही. खांबांवर क्रमांक रंगवलेले असतात, ते लिहा. ‘खांब क्रमांक अमुक ते तमुक, मंगळवारपासून बंद’ असं वाचलं की वायरमन सरळ तिथे जाऊ शकतो आणि न गेल्यास त्याला सबबही उरत नाही.

झाकण कुणाचं, पाणी कुठलं

चुकीच्या दारात उभं राहण्यात कमिट्यांची वर्षं जातात. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) महापालिकेकडे आले. त्याआधी त्यांच्यावरच्या खड्ड्यांसाठी लोक वॉर्ड ऑफिसमध्ये जाऊन भांडायचे आणि ‘रस्ता आमचा नाही’ हे ऐकून परतायचे. तुमच्या समोरचा रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे भांडायच्या आधी माहीत करून घ्या. चेंबरच्या झाकणांचंही तसंच. मलनिस्सारण, पावसाळी गटार, टेलिफोन, वीज, गॅस, प्रत्येकाचं झाकण वेगळं असतं आणि पुष्कळदा त्याच्यावर अक्षरं कोरलेली असतात. वाकून वाचावीत.

रस्त्यावर पाणी वाहत असेल तर आधी दोन दिवस नुसतं बघा. नळाला पाणी सुटण्याच्या वेळेतच ते वाढत असेल तर पिण्याची लाइन फुटली आहे, पाणीपुरवठा विभागाकडे जा. घाण वास असेल आणि सकाळी घराघरात अंघोळी चालू असताना जोर वाढत असेल तर ड्रेनेज तुंबलंय. फक्त पावसातच तळं साचत असेल तर पावसाळी गटार बंद आहे किंवा रस्त्याचा उतार चुकलाय, आणि उतार चुकला असेल तर गटार कितीही उपसलं तरी उपयोग नाही. हे निदान पत्रात लिहिलंत तर कनिष्ठ अभियंता तुम्हाला गंभीरपणे घेतो. नाही लिहिलंत तर पाणी, ड्रेनेज आणि पथ हे तीन विभाग एकमेकांकडे बोट दाखवत पावसाळा काढतात.

निळ्या टिका म्हणजे पोच नव्हे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. जेईंचा, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याचा, नंबर मिळाला की कमिटीला गड सर केल्यासारखं वाटतं. मग खड्ड्याचा फोटो, ‘सर प्लीज बघा’, निळ्या टिका, हात जोडलेला इमोजी. कधी कधी काम होतंही, आणि तिथेच घात होतो, कारण त्यानंतर कुणी लेखी तक्रार करतच नाही. वर्षभराने त्या साहेबांची बदली होते. साहेबांबरोबर फोन जातो, फोनबरोबर तुमचा सगळा इतिहास जातो, आणि नवीन साहेब निर्मळ मनाने म्हणतात, आमच्याकडे अशी तक्रार नाही. खरंच नसते.

मेसेज जरूर पाठवा, पण तक्रार क्रमांक घेतल्यानंतर, आणि त्या क्रमांकासह. मुंबईत १९१६ आहे, पुण्यात महापालिकेचं तक्रार ॲप आणि पोर्टल आहे. कागदी पत्र दिलंत तर आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, साहेब बघतील’ असं कुणी म्हटलं तर दोन्ही प्रती उचलून आवक खिडकीवर जा. कमिटीत एकाने वही करावी: तारीख, क्रमांक, विषय, विभाग, उत्तर. मोबाइलवरचं शीट चालेल, फक्त ते एकाच माणसाच्या मोबाइलवर असू नये.

तक्रार ‘निकाली’, खड्डा जागच्या जागी

हा अनुभव इतका सर्रास येतो की त्यावर चिडण्यात अर्थ नाही. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून, त्याच जागेवरून काढलेला तारखेचा फोटो जोडून नवी तक्रार करा आणि प्रत वरच्या अधिकाऱ्याला द्या. दोनदा असं झालं की माहिती अधिकाराकडे वळा.

पण तिथेही लोक हमखास चुकतात. ‘आमचा रस्ता का दुरुस्त केला नाही?’ ही मागणी माहितीची नाही, तो जाब आहे, आणि ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. जे कागदावर असतं ते मागा: या रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाच्या कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक, दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते. शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. तो कालावधी चालू असेल तर उखडलेला रस्ता ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने करून द्यायचा असतो, त्यामुळे ‘निधी नाही’ हे उत्तरच बाद होतं.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा, कमिटीच्या लेटरहेडवर नको, कारण कायद्याने हा हक्क नागरिकाला दिलाय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. हे अपील न करणारे इतके असतात की काही कार्यालयं त्याच भरवशावर चालतात असा माझा संशय आहे.

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची बातमी वाचून जागं होणं

बातमी छापून येते तेव्हा यादी कधीच तयार झालेली असते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. पाच लाख रुपयांपर्यंतची छोटी कामं (पदपथ, बाकं, बसथांबे, दिवे) लोकांनी सुचवायची. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात घेतले जातात, म्हणजे ऐन गणपतीच्या धामधुमीत, आणि मुदत निसटते. जुलैतच जागा पाहून, लांबी-रुंदी मोजून, फोटो काढून ठेवा. मोठ्या कामासाठी क्षेत्रीय कार्यालयाच्या अभियंत्याला दिवाळीच्या आधी भेटा, नंतर नाही. नालेसफाईचंही तेच: एप्रिल-मेमध्ये नाल्यावर जाऊन फोटो काढले तर उपयोग, जूनमध्ये काढले तर ती फक्त बातमी.

नगरसेवकाला टाळणं, किंवा त्याच्याच मांडीवर बसणं

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत पुण्या-मुंबईत प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात कमिट्यांना थेट अधिकाऱ्यांकडे जायची सवय लागली. आता नगरसेवक परत आलेत, आणि पुण्यात तर एका प्रभागात चार-चार. प्रत्येकाला वेगळं पत्र दिलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावावर ढकलतो. एकच पत्र चौघांच्या नावाने लिहा, चौघांची पोच घ्या. त्या पत्रात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, मागणीही करा. राज्याच्या कायद्यात ती २००९ च्या दुरुस्तीने आलेली आहे, प्रत्यक्षात भरलेली मात्र क्वचितच कुणी पाहिली असेल.

उलटी चूक म्हणजे बाकावर, कमानीवर, दिवाळी पहाटेच्या बॅनरवर एकाच नेत्याचा फोटो. पुढच्या निवडणुकीत निम्मी कमिटी बैठकीला येत नाही.

चांगलं काम, पण बेकायदा

सार्वजनिक रस्त्यावर फाटक बसवणं, वर्गणी काढून स्वतःच गतिरोधक घालणं, दिव्याच्या आड येतात म्हणून झाडाच्या फांद्या माळ्याकडून उतरवणं. हेतू चांगला, पण फांद्या तोडायलाही १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते आणि गुन्हा कमिटीच्या सचिवावर नोंदला जाऊ शकतो. घरगुती गतिरोधकावर रात्री दुचाकीवाला पडला तर काय उत्तर देणार? गतिरोधकासाठी वाहतूक पोलीस आणि पथ विभाग दोघांनाही लिहावं लागतं. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत ‘उचलून लांब सोडा’ हा ठराव तर कमिटीने करूच नये. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्रं त्याच भागात सोडायचं असतं, आणि खाऊ घालायची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवरही टाकलेली आहे. ती जागा शाळेच्या फाटकापासून आणि लहान मुलांच्या खेळण्यापासून लांब ठरवली की निम्मं भांडण मिटतं.

कमिटीत कोण नाही?

बहुतेक ठिकाणी सोसायट्यांचे चेअरमन आणि बंगलेवाले असतात. शेजारची वस्ती, भाजीवाले, रिक्षा थांब्यावरचे लोक नसतात, आणि मग ठराव नेमके त्यांच्याविरुद्ध होतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या पथविक्रेता समितीत पथविक्रेत्यांना किमान ४० टक्के जागा दिल्या आणि रहिवासी संघटनांनाही स्थान दिलं. भाजीवाल्या मावशींशी बोलायची जागा तिथे आहे, अतिक्रमण विभागाच्या गाडीत नाही. शिवाय कचऱ्याची गाडी किती वाजता येते आणि मुकादम कोण, हे कमिटीच्या अध्यक्षांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

पैसे आणि नोंदणी

खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर वर्गणी घेऊ नका. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या किराण्याच्या आणि कमिटीच्या नोंदी एकाच पासबुकात दिसतात. मात्र उत्साहात पहिल्याच महिन्यात संस्था नोंदवायलाही धावू नका. पत्रं लिहायला आणि पाठपुरावा करायला नोंदणी लागत नाही. पैसा फिरायला लागला, दोघांच्या सहीचं खातं हवं झालं, की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्यांनी नोंदणी करावी. आपल्या राज्यात तिच्यासोबत १९५० चा सार्वजनिक न्यास कायदाही लागू होतो. मग दरवर्षी लेखापरीक्षण आलं, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आला. हा अर्ज राहून गेला की दप्तरी जुनेच पदाधिकारी राहतात. त्यातले एक परगावी गेलेले, दुसरे भांडून बाहेर पडलेले, आणि बँकेला सही मात्र त्यांचीच हवी असते.