निगेटिव्हच्या फिल्मवर कृष्णधवल स्लाइड कशी तयार करावी

नेहमीच्या पद्धतीने धुतल्यावर जी कृष्णधवल फिल्म निगेटिव्ह देते, तीच रिव्हर्सल पद्धतीने धुतल्यास कॅमेऱ्यातील त्याच फिल्मवर पॉझिटिव्ह चित्र मिळते आणि ते थेट प्रोजेक्टरवर दाखवता येते. पहिला डेव्हलपर प्रकाश लागलेल्या सिल्व्हर हॅलाइडची, म्हणजे फिल्मवरील प्रकाशसंवेदी चांदीच्या क्षाराची, चांदी करतो, ब्लीच ती चांदी विरघळवून काढून टाकते आणि मागे उरलेले हॅलाइड पुन्हा प्रकाश दाखवून डेव्हलप केले की त्याचेच पॉझिटिव्ह बनते. पहिल्या डेव्हलपरने किती हॅलाइड शिल्लक ठेवले यावरच स्लाइडची प्रत ठरत असल्यामुळे सर्वाधिक काळजी तिथेच घ्यावी.

फोमापॅन आर १०० ही फिल्म याच कामासाठी बनवलेली आहे; इल्फर्डची एफपी४ प्लसही चांगली चालते. एक्स्पोजर प्रकाशमान भागांवर मोजावे आणि महत्त्वाच्या दृश्याचे अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो घ्यावेत, कारण निगेटिव्हमधील चूक प्रिंट काढताना सावरता येते, स्लाइडमध्ये ती सोय नाही.

एफपी४ प्लससाठी पीक्यू युनिव्हर्सल हा डेव्हलपर १ भागास ५ भाग पाणी या प्रमाणात घेऊन त्यात लिटरमागे ८ ते १२ ग्रॅम स्फटिकरूप हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालावे आणि २० अंश सेल्सिअसला १२ मिनिटे डेव्हलप करावे. हायपो थोडे हॅलाइड विरघळवते, त्यामुळे उजळ भाग स्वच्छ राहतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी या तापमानाच्या बरेच वर असते, म्हणून सगळी द्रावणे आणि धुण्याचे पाणीसुद्धा बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून आधीच थंड करावे. परमँगनेटच्या ब्लीचने फिल्मवरील थर मऊ होतो आणि गरम पाण्यात तो सुटू शकतो.

पाच मिनिटे धुतल्यानंतर ब्लीच करावे. एका लिटर डिस्टिल्ड पाण्यात ४ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि दुसऱ्या लिटरमध्ये २० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल अशी दोन द्रावणे वेगळी ठेवून ती वापरण्याच्या क्षणी समप्रमाणात मिसळावीत, कारण मिश्रण टिकत नाही. आम्ल नेहमी पाण्यात सावकाश ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, आणि कोरडे परमँगनेट संहत आम्लाच्या जवळही नेऊ नये, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो. चष्मा, हातमोजे आणि उघडी खिडकी यांवाचून हे काम सुरूच करू नये. पाणी डिस्टिल्डच हवे. नळाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे चांदीचे पुन्हा सिल्व्हर क्लोराइड बनते आणि उजळ भागांवर करडा पडदा येतो.

ब्लीचमध्ये पाच मिनिटे ठेवल्यावर फिल्म धुऊन, लिटरमागे २५ ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात दोन मिनिटे ठेवावी म्हणजे तपकिरी डाग निघून जातात. पुन्हा थोडे धुऊन, दिव्यापासून दीडेक फुटावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर प्रकाश दाखवावा. फिल्म ज्यावर गुंडाळून धुतो ते टाकीतील रीळ पारदर्शक असेल तर त्यावरून फिल्म काढण्याचीही गरज नाही. हायपो न घातलेल्या त्याच डेव्हलपरमध्ये सहा मिनिटे, मग फिक्सर, धुणे आणि वाळवणे ही कामे नेहमीसारखीच.

स्लाइड गडद आली, तर पहिल्या डेव्हलपरचा वेळ वाढवावा. सावल्या फिक्या पडल्या, तर तो कमी करावा. उजळ भागांत करडेपणा उरला, तर हायपो लिटरमागे एकेक ग्रॅमने वाढवावे. हे प्रयोग पूर्ण फिल्मवर न करता चार-पाच फ्रेमच्या तुकड्यांवर करावेत आणि प्रत्येक तुकड्याचे तापमान, वेळ व हायपोचे प्रमाण वहीत नोंदवून ठेवावे.