ऑफिस भाड्याने घेण्याआधी

जागा बघायला निघण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा: आज किती माणसं बसणार, दोन वर्षांनी किती, आणि महिन्याला सगळं मिळून किती झेपेल. एजंट सांगतो तो फक्त दर. पुण्यात बाणेरला किंवा शिवाजीनगरला एखादी जागा ‘हजार फूट, पंच्याहत्तरने’ (म्हणजे चौरस फुटाला महिना ७५ रुपये) म्हणून दाखवली, तर विचारा, हे हजार फूट कुठले? बहुतेक वेळा ते सुपर बिल्टअप असतात. लॉबी, जिना, लिफ्ट यांतला तुमचा वाटा धरून. आत टेप लावली की कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ६५० निघू शकतं. भाडं तेच ७५ हजार, पण खुर्च्या मांडता येतील अशा जागेचा दर ११५ रुपयांवर गेलेला असतो. तेव्हा टेप सोबत न्या आणि दोन जागांची तुलना कार्पेटवरच करा.

भाड्याखाली पुढच्या ओळी मांडा. मेंटेनन्स, जो बहुधा सुपर बिल्टअपवरच लावतात. पार्किंग. १८ टक्के जीएसटी. मालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि तुमची असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून तो रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी थेट सरकारकडे, तुम्हालाच भरावा लागतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये (लहान व्यवसायांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असाल तर मात्र नाही. कंपनी किंवा फर्म असाल आणि भाडं महिन्याला ५० हजारांपुढे असेल, तर १० टक्के टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावे सरकारला भरायचा आयकर, भाड्यातून कापायचा. हे मालकाला आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात ‘पैसे कमी आले’ म्हणून फोन येतो.

जागा दोनदा बघा. एकदा सकाळी पावणेदहाला, लिफ्टसमोरची रांग दिसावी म्हणून. दुसऱ्यांदा संध्याकाळी, कारण सेंट्रल एसी किती वाजता बंद होतो आणि शनिवारी चालतो का, हे माहितीपत्रकात नसतं. जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि पॅसेज आहेत की तुमचं युनिटही, ते विचारा. महावितरणचं ताजं बिल मागून घ्या: मंजूर लोड किती, थ्री फेज आहे का आणि थकबाकी आहे का, हे एका कागदात कळतं. आतल्या खोलीत मोबाइलला रेंज येते का, इमारतीत फायबर कुणाकुणाचं आलंय, हेही तिथेच बघा. स्वच्छतागृह कॉमन असेल तर ते दुपारनंतर बघावं. सकाळी सगळीच स्वच्छ असतात.

कागदांत पहिलं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी. ते नसेल तर इंटिरियर कितीही देखणं असो, मी पुढे बोलणार नाही. मंजूर नकाशात ती जागा ऑफिस म्हणूनच दाखवली आहे का, ते बघा. पार्किंगवर पत्रे ठोकून केलेली ‘ऑफिसं’ कमी नाहीत. मग इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा गोषवारा), मालमत्ता कराची पावती, सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र), जागेवर कर्ज असेल तर बँकेची. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. शेवटचा दाखवा म्हणा.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, आणि नोंदणीकृतच. ‘नोटरी करू, खर्च वाचेल’ हे ऐकून सोडून द्या, कारण वाचतं फारच थोडं. ३६ महिने, ७५ हजार भाडं आणि साडेचार लाख डिपॉझिट धरा. एकूण भाडं २७ लाख, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज १ लाख ३५ हजार. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे ७,१०० रुपये, वर शहरात नोंदणी फी १,०००. शिवाय राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि ती चुकवल्यास त्याला शिक्षाही आहे.

कलमं वाचताना पेन्सिल घेऊन बसा. लॉक-इन (करार मोडता येत नाही असा सुरुवातीचा काळ) फक्त तुम्हाला आहे की मालकालाही? वार्षिक वाढ भाड्यावरच की मेंटेनन्सवरही? फर्निचरच्या कामाच्या दिवसांचं भाडं माफ आहे का? डिपॉझिट चावी देतानाच परत मिळेल, असं स्पष्ट लिहून घ्या. ‘जागा मूळ स्थितीत परत द्यावी’ या ओळीकडे दुर्लक्ष करू नका. तिच्या जोरावर डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापली जाते. ताबा घेताना मीटरचं रीडिंग, भिंती, फॉल्स सीलिंग, एसी यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी ईमेल करा.

शॉप अ‍ॅक्टचं (दुकाने व आस्थापना कायद्याचं) काम सोपं आहे, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. पाटीवर मराठी नाव देवनागरीत हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हे पाटीवाल्याला ऑर्डर देतानाच सांगा.